समोरच्या खोलीची लादी

“मयताचं काम घ्यायचं नाही,” लुझनं नवऱ्याला बजावलं होतं. “पोरीची कूस उजवेपर्यंत तरी नाही.”

मागच्या साली सेल्सोनं कबरस्थानात एका थडग्याला लाद्या बसवल्या होत्या. थकला होता म्हणून वाटेत कुठं न टेकता तडक घरी आला. मयताची सावली अंगावर घेऊन कुणी उंबरा ओलांडत नाही. आधी कुठंतरी बसायचं, चार घोट प्यायचे, तिला तिथंच सोडायचं, मग घर. फिलिपिन्सच्या या इलोइलोत हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याच आठवड्यात लेकीचं, डेलियाचं, बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून लुझ नुसतं ताट वाढून आत निघून जायची.

आता डेलियाला पुन्हा सातवा लागला होता, आणि सेल्सो मोठ्या दुकानाच्या फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली उभा होता.

दुकानातून लाद्या घेतल्या की बसवायला माणूसही दुकानच देई. तो लाल शर्टवाला, नोंदणीतला. सेल्सोसारखे बिननोंदणीचे बाहेर थांबत. लाल शर्टवाल्यांच्या तारखा भरल्या की आतली एखादी मुलगी गिऱ्हाइकाच्या कानात सांगे, “बाहेर बदामाखाली विचारा.” तेवढ्यावर चुली पेटत. नव्या महिन्यापासून झाडाखाली उभं राहणंही बंद, असा हुकूम आला होता.

“नोंग सेल्सो, पायांना मुळं फुटतील तुमच्या,” पहारेकरी हसला. वयानं मोठ्या माणसाला तिकडं ‘नोंग’ म्हणत. “बाकीचे सगळे गेले कबरस्थानात. मयतांच्या सणाआधी तिथं काम माणसाला शोधत येतं.”

“मला नको ते.”

“का? मेलेलं गिऱ्हाईक घासाघीस तरी करत नाही.”

सेल्सो झाडाला टेकून फाटकाकडं बघत राहिला.

तेवढ्यात फेलिसा नावाची एक बाई लाद्यांच्या खोक्यांची ट्रॉली ढकलत बाहेर आली. साठीची, फुलाफुलांच्या झग्यातली, घाईत असलेली.

“दुकान दोन आठवड्यांनंतरची तारीख देतंय,” ती म्हणाली. “मला शुक्रवार सकाळपर्यंत हवंय. एकच खोली, समोरची. मुलगा येतोय सौदीतल्या दम्मामहून. फार वर्षांनी.”

“होईल. पण एक विचारतो, राग मानू नका. घरात अलीकडं कुणाचं काही झालं नाही ना? माझी लेक पोटुशी आहे.”

तिनं खोक्यावरची धूळ तळहातानं पुसली.

“नाही,” ती म्हणाली. “कितवा?”

“सातवा.”

“जपा तिला.”

लाद्या मुलानंच पसंत केलेल्या, फोनवर चित्रं पाहून. “आई, सिमेंटवर किती दिवस काढणार, म्हणायचा,” फेलिसा सांगे, आणि सेल्सो सूत धरून लादीला लादी लावत जाई. आतल्या खोलीत मुलाच्या फोटोपुढं मेणबत्ती तेवत असे. तिन्हीसांजेला शेजारणी जपमाळा घेऊन येत. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून असेल, सेल्सोला वाटे. तोही जाताना क्रूसाची खूण करी.

रोज निघताना फेलिसा त्याच्या हाती एक डबा देई.

“कोपऱ्यावरच्या बेकरीत माझी बहीण बसते, तिला पोचवा. आणि उभ्या उभ्या पळू नका, नोंग. कॉफी न घेता गेलात तर मला बोलणी बसतील.”

बहीण तोंडाची फटकळ. “आलात? बसा. माझ्याकडं कॉफीची विहीर आहे असं वाटतं आमच्या बाईला.” मग बशीत गरम पाव ठेवी आणि तो खाईपर्यंत त्याला उठू देत नसे. घरी पोचायला रोज उशीर होई. लुझचं तोंड आणखीच मिटलेलं असे.

बुधवारी फेलिसा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

“शुक्रवारी जड सामान आत घ्यायचंय. घरात पुरुष माणूस नाही. हात लावाल?”

“लावीन की. परदेशचा माणूस म्हणजे खोकी आलीच.”

“शब्द द्या.”

“दिला.”

गुरुवारी काम संपता संपता लुझचा फोन आला. डेलियाची कंबर धरली होती, पोटही दुखत होतं. सेल्सोनं हातपाय धुतले, डबा घेतला, आणि गल्लीच्या तोंडाशी भेटलेल्या एका शेजारणीच्या हाती दिला. “एवढा बेकरीत द्या,” म्हणाला आणि समोर आलेल्या प्रवासी जीपनीत चढला.

डेलिया पडून होती. तो तसाच तिच्या उशाशी बसला, कपाळावर हात ठेवून. हळूहळू दुखणं थांबलं. तिला झोप लागली. लुझनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, आणि कितीतरी महिन्यांनी ती आत गेली नाही. समोर बसली.

“आज वेळेवर आलात,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तो सांधे पुसत होता. लाद्यांत खिडकी दिसावी इतकी खोली लखलखत होती. बाहेर गाडी थांबली. फेलिसा आतून काळा झगा घालून आली.

सेल्सोनं मान वर केली. गाडीचं मागचं दार उघडलं होतं. आत विमानाचे शिक्के मारलेली लाकडी पेटी होती, माणसाच्या उंचीची.

“खरं सांगितलं असतं तर कुणीच आलं नसतं, नोंग,” फेलिसा त्याच्याकडं न बघता म्हणाली. “आणि माझ्या पोराला मी सिमेंटवर ठेवणार नव्हते. तुमच्या लेकीची काळजी होती, म्हणून तर रोज बहिणीकडं बसवत होते.” मग तिनं वळून पाहिलं. “कालही बसलात ना?”

सेल्सोनं हातातलं ओलं फडकं पिळलं, घडी करून बाजूला ठेवलं.

“बसलो होतो,” तो म्हणाला, आणि पेटीला खांदा द्यायला बाहेर गेला.