उधाणाची नखं

"तुम्हा स्वयंसेवकांच्या पाण्याच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्यात. म्हणजे खाडी स्वच्छच," असं म्हणत प्रदूषण मंडळाच्या देशमाने साहेबांनी संगणक बंद केला.

चांगुणा वैतीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. महिन्यातून दोनदा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला ती कालवं काढायला चिखलात उतरायची. स्वयंसेवक म्हणून टोचून घेतलेल्या तपासणीच्या लसीमुळे, पाण्यात विष असलं की तिच्या नखाच्या मुळाशी जांभळा पट्टा उमटायचा आणि नखाबरोबर पुढे सरकायचा. सहा महिन्यांचे बारा पट्टे झाले होते. मागे उभ्या चाळीसजणींच्या नखांवरही तेवढेच.

"नखं कापून ठेवून जा. तपासू," साहेब म्हणाले.

"मागे तपासायला खाडीच्या पाण्याच्या बाटल्या दिल्या, त्या तुम्ही हरवल्या," चांगुणा म्हणाली. "आता बोटांसकटच तपासा. बसा गं सगळ्या!"