चुकलेला स्ट्रोक

“ताई, हिला स्ट्रोक चुकवायला शिकवा. मुद्दाम चुकवतेय ते कॅमेऱ्यात कळतंय,” दिग्दर्शक वैतागला होता.

हेलनताई उठल्या. सिनेमा त्यांच्याच आयुष्यावर होता. हॉकीच्या फायनलमध्ये त्यांचा पेनल्टी स्ट्रोक खांबाला लागला आणि सुवर्णपदक गेलं, तो प्रसंग आज होता. ‘हेलननं चुकवला’ हे त्या तेव्हापासून ऐकत आल्या होत्या.

“चुकवला नव्हता, चुकला होता,” त्या फटकन म्हणाल्या. मग त्यांची भूमिका करणाऱ्या पोरीची स्टिकवरची पकड नीट करत पुटपुटल्या, “तू गोलच मार. जीव तोडून मार. चुकायचा तेव्हा चुकेल.”

बराच वेळ चेंडू जाळ्यातच जात राहिला. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. मग एकदा चेंडू खांबावर आपटून बाहेर आला, आणि पोरगी अभिनय विसरून मटकन खाली बसली. तिला रडू आवरेना.

“कट! मस्त!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेलनताईंनी मात्र धावत जाऊन तिला पोटाशी धरलं.

“तेव्हा तुमच्याजवळ कोण आलं होतं, ताई?” पोरीने विचारलं.

“कुणी नाही,” तिचे डोळे पुसत त्या म्हणाल्या. “आत्ता मी आले ना.”