गप्प बसलेला पंखा

बसऱ्याच्या त्या इस्पितळात शवागाराची वीज गेली, की तिथला रखवालदार अबू कर्रार प्रेतं सर्व्हरच्या खोलीत आणून ठेवायचा. तिथे वीज दोन वाटांनी यायची आणि एसीही दोन होते. एक बंद पडला तरी दुसरा खोली गारठवायचा.

आज दोन स्ट्रेचर होती. दुसरं ज्या सर्व्हरसमोर ठेवलं, त्याचा पंखा घोंघावायला लागला.

"कालही दुपारभर असाच बोंबलत होता मेला, मग आपोआप गप्प बसला," यंत्रं सांभाळणारी साहिरा वैतागून म्हणाली. "या दोन स्ट्रेचरच्या जागा बदलून बघा बरं."

अबू कर्रारने अदलाबदल केली. इथला पंखा शांत झाला आणि तिकडचा घोंघावू लागला.

"समोरून ऊब आली की हे जोरात फिरतात," साहिरा हळूच म्हणाली. "प्रेताला कुठली ऊब?"

अबू कर्रारने तिकडच्या स्ट्रेचरवरच्या पोराची चादर बाजूला ओढली, नाकाशी बोट धरलं आणि डॉक्टरांना हाका मारत धावत सुटला.

"वाचला गं पोरी!" पोराला नेल्यावर तो हसत परत आला.

साहिरा अजून त्या पहिल्या पंख्याकडेच बघत होती. "काल इथे कोणाला ठेवलं होतं?"

"उम्म हातिमला." त्याचं हसू मावळलं. "संध्याकाळीच माती दिली तिला."