निहारचं हाड

शाल्मलीचा निहार दुसरीत असताना अपघातात गेला. त्याच्या मांडीच्या हाडातल्या जिवंत पेशी तिने प्रयोगशाळेला दिल्या. काचेच्या टाकीत त्यांचं हाड वाढत राहिलं. त्याच्या दर वाढदिवसाला ती ते बघायला यायची.

आज डॉक्टर कुंट्यांनी तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. टोकाजवळची, हाडाची लांबी वाढवणारी कूर्चेच्या पेशींची रांग संपली होती. हाड बांधणाऱ्या पेशींनी तिथेही हाड भरलं होतं.

"वाढ थांबली, ताई. ठरल्याप्रमाणे आता हे एका रुग्णाला बसवू."

"म्हणजे मोठा झाला," ती म्हणाली. "एकदा हातात द्याल?"

बंद काचनळीतलं ते हाड तिने आपल्या खुब्यापाशी धरलं. गुडघ्याच्याही खाली चांगलं चार बोटं पोचलं.

"उंचीला बापावर गेला हो," असं म्हणत ती तिथेच फरशीवर बसली.