मनगटाचा जोर

"व्याहीबुवा, तुम्हाला पटणार न्हाई, पण कारखान्यातल्या चुंबकाला मी नुसत्या मनगटानं नमवलं! भंगारातलं लोखंड ओढणारा जबर गडी तो. त्याच्यासमोर मी लाउडस्पीकरच्या भोंग्यातला लहान चुंबक धरला. सारखी तोंडं समोरासमोर, म्हणून दोघं एकमेकांना ढकलून राह्यले. लोक म्हणले, हे बिलकुल चिकटायचे न्हाईत. मी दात आवळून रेटलं अन् खटकन चिकटवले! सगळा कारखाना माझ्याकडं धावला."

नव्या व्याह्यांचे डोळे विस्फारले. मी मिशीवर हात फिरवला.

चहा ठेवता ठेवता माझी बायको द्वारका म्हणाली, "इंचभर अंतरापर्यंत ह्यांनी रेटलं, ते खरं. पुढं थोरल्या चुंबकाच्या जोरानं धाकट्याचा गुणच उलटला, अन् थोरल्यानंच त्याला ओढून घेतलं. मी डबा घेऊन तिथंच उभी होते की! अन् लोक धावले ते ह्यांचं बोट मधात सापडून हे बोंबलत होते म्हणून."