टकेट बाईंची कंबर

शिक्षकांना शाळेत बंदूक बाळगू द्यावी का, यावर अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका गावात सभा झाली, तेव्हा सगळ्यात कडाडून विरोध केला तो सातवीला गणित शिकवणाऱ्या लव्हर्न टकेट बाईंनी. तरी ठराव मंजूर झालाच. बंदूक कोणाकडे आहे, हे मात्र गुप्त राहणार होतं.

पुढच्याच आठवड्यात बाई अंगणातल्या बर्फावरून घसरल्या, कंबर लचकली आणि स्वेटरच्या आत कमरेला जाड पट्टा बांधून वर्गावर जाऊ लागल्या. त्या दिवसापासून वर्ग चिडीचूप. गृहपाठ सगळ्यांचे पूर्ण. एरवी भांडायला येणारी, वर्गातल्या कोडीची आई तर पीचचा केक देऊन, "तुम्ही म्हणाल तसं, बाई," म्हणत आल्या पावली परत गेली.

"हळू बोल," जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "बाईंच्या स्वेटरखाली आहे ती."

बाई शिक्षकांच्या खोलीत जाऊन पोट धरधरून हसल्या. सोमवारी मुलांना खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. मग पुढच्या सोमवारी.

महिन्याभराने डॉक्टरांनी तपासलं. "कंबर ठणठणीत आहे, लव्हर्न. पट्टा काढून टाका आता."



"डॉक्टर," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत थोडी दुखली, तर नाही का चालणार?"