एकाच फांदीवरचे पाचजण

"सुईमामाकडे तुम्ही एकदाही गेला नाहीत, हे कोर्टात कुणालाही पटायचं नाही, मास्तर," विषाणूबाई म्हणाल्या. "उद्या माझी साक्ष आहे. आज तरी खरं सांगा."

निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसला. "तोच तोच प्रश्न विचारलात तर तेच तेच उत्तर मिळणार, बाई."

बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. विषाणूबाई हे नाव वस्तीनं दिलेलं, आणि त्यांना ते मनातून आवडायचं. एचआयव्हीचा विषाणू माणसागणिक थोडा थोडा बदलत जातो, त्यामुळे कुणाचा कुणाशी जवळचा हे त्याच्या जनुकांवरून ताडता येतं. चहूकडून पोटासाठी आलेल्या माणसांच्या या वस्तीत त्याचे इतके प्रकार निघाले की, बाईंच्या संगणकावरचं विषाणूंच्या नात्यांचं झाड हवं तसं फोफावलं होतं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोघांचे विषाणूही एकमेकांना ओळख देत नव्हते.

एक फांदी मात्र वेगळी होती. तिच्यावर पाचजण दाटीवाटीनं बसले होते: जुना रोगी ट्रकवाला, शिंपीण, रंगारी, बेकरीवाली आणि मास्तर. पाचांचा विषाणू जवळजवळ एकच, आणि एकमेकांशी संबंध म्हणाल तर काडीचा नाही. दोन वर्षांपूर्वी बाईंनीच वस्तीत तपासणीचं शिबिर घेतलं होतं. तेव्हा ट्रकवाला सोडून बाकीचे चौघं ठणठणीत निघाले होते. म्हणजे जे काही घडलं ते शिबिरानंतर. बाईंचा तर्क सरळ होता.

शिबिरानंतर ट्रकवाल्यानं सुईमामाकडे इंजेक्शन घेतलं होतं. शिंपिणीनं, रंगाऱ्यानं, बेकरीवालीनंही. सुईमामा म्हणजे वस्तीतला म्हातारा कंपाउंडर. बाईंनी त्याचं नाव घेतलं मात्र, लोकांनी त्याची खोली फोडली आणि त्याला बदडून काढलं. आता तो कोठडीत होता. त्याची बायको रोज प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन बसायची. "ते नवी सुई काढल्याशिवाय कुत्र्यालासुद्धा टोचत नाहीत हो, बाई," एवढंच म्हणायची. बाईंना तिची दया यायची. पण दयेनं जनुकं बदलत नाहीत.

अडचण होती ती मास्तरांची. मास्तर होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांवर भरवसा ठेवणारे. या एका माणसापायी खटला ढिला पडेल, असं सरकारी वकिलांनी बजावलं होतं.

शाळेला सुट्टी म्हणून बाई आज मास्तरांच्या घरी येताना लेकीलाही बरोबर घेऊन आल्या होत्या. ती व्हरांड्यात मास्तरांच्या मांजरीची समजूत काढत बसली होती.

"पुन्हा विचारते. आमची तपासणी सोडून, गेल्या दोन वर्षांत तुम्हाला कुठे सुई टोचली का?"

"नाही."

"दात काढलात?"

"ते आपले आपण गेले."

"दाढी?"

"घरी. स्वतः."

"गोंदवून वगैरे घेतलंत?"

"या वयात? कुणाचं नाव गोंदवू?"

बाईंचा तोल सुटला. "मग हा विषाणू तुमच्या अंगात चालत आला का, मास्तर? लपवाछपवी तरी किती करायची माणसानं?"

मास्तरांचा चेहरा पडला.

"सून माझं ताट वेगळं ठेवते," ते म्हणाले. "नातू खोलीच्या दारातूनच बोलतो. लोकांनी माझ्याविषयी काय काय ठरवलंय, ते मला ऐकू येत नाही असं वाटतं का तुम्हाला? हा रोग कुठून आला, हे तुमच्याहून जास्त मला हवंय."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पेन बंद करून पर्समध्ये टाकलं.

"चुकलं माझं. साक्षीचं राहू द्या. सहज विचारते, हा रोग निघाला त्याआधी तुम्ही शेवटची सुई टोचून घेतलीत तरी कधी?"

"हा प्रश्न ठीक आहे. तुमच्या शिबिरात. बोटाला."

"ते नाही हो. ते तर आमचंच."

"आमची तपासणी सोडून, असं तुम्ही दर वेळी म्हणालात. मी दर वेळी सोडली."

बाई हसल्या. "आमच्याकडे माणसागणिक नवी सुई असते, मास्तर. त्या टोचणीतच सुयांची चकती बसवलेली असते."

"असेल. तुमची नर्स माणसागणिक टोचणीची मागची कळ ओढायची. कट्ट वाजायचं. मग ती जेवायला गेली आणि तिच्या जागी तुम्ही बसलात. कट्ट काही वाजलं नाही. रांग मात्र भराभर सरकली, म्हणून बरं वाटलं."

कळ न ओढता चकती आपोआप फिरते, असंच बाई धरून चालल्या होत्या. कुणाला विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"रांगेत तुमच्यापुढे कोण होतं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बेकरीवाली. तिच्यापुढे रंगारी, त्याच्यापुढे शिंपीण. आणि तुम्ही बसलात तेव्हा पहिला ट्रकवाला. गाडी भरून उभी आहे म्हणून नुसता घाई करत होता."

बाईंच्या डोळ्यांसमोर फाटकाशी बसलेली मामाची बायको आली. आपण एका निरपराध म्हाताऱ्याला मार खायला लावला, आणि हे पाचजण आपणच एका फांदीवर आणून बसवले. त्यांना भडभडून आलं. उद्या कोर्टात सगळं सांगायचं, त्यांनी ठरवलं. नोकरी जाईल, जाऊ दे. मामा सुटला पाहिजे. आणि आणखी कुणी या फांदीवर असेल तर त्याला आजच गाठलं पाहिजे, आजच औषध सुरू झालं पाहिजे.

"मास्तर, नर्स परत येईपर्यंत तुमच्यामागे आणखी कोण होतं? नीट आठवून सांगा."

मास्तरांनी व्हरांड्यातल्या मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माझ्यामागे एक पोर रडत होती, बोट देईना. दुखत नाही हे दाखवायला तुम्ही ती टोचणी आधी स्वतःच्या बोटाला लावलीत," ते म्हणाले, "आणि मग हिच्या."